थ्रॉटल लॉक सकाळी सरकतो आणि दुपारी अडकतो, तेव्हा आधी मूठ तपासा

थ्रॉटल लॉक म्हणजे बाइकच्या रेसची मूठ आहे तिथे धरून ठेवणारं छोटं साधन, लांबच्या प्रवासात मनगटाला आराम म्हणून लावतात. त्याच्या दोन तक्रारी कायम ऐकू येतात, एक म्हणजे लॉक लावला तरी पाच-दहा मिनिटात मूठ हळूहळू मागे येते आणि स्पीड पडत जातो, आणि दुसरी म्हणजे लॉक सोडला तरी रेस पूर्ण बंद होत नाही. मला बरीच वर्षं वाटायचं की हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकात लॉक ढिला आहे आणि दुसऱ्यात जास्त टाइट आहे, मधलं काहीतरी सेटिंग सापडलं की झालं. तसं नाहीये. माझ्या बाइकवर दोन्ही एकाच दिवशी झालं आणि कारण एकच निघालं, आणि ते कारण लॉकमधे नव्हतंच. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण यातली दुसरी तक्रार जीवावर बेतू शकते.

झालं असं की पुण्याहून बेंगळुरूला निघालो होतो, एनएच ४८ ने, एकटाच. साताऱ्यापासून कागलपर्यंत रस्ता रुंदीकरणाची डायव्हर्जन्स होती त्यामुळे तिथे लॉक वापरायचा प्रश्नच नव्हता. निपाणी गेलं, तवंदी घाट मागे टाकला आणि पुढे मोकळा रस्ता लागला तेव्हा पहिल्यांदा ८० ला लॉक लावला. थोड्या वेळाने बघतो तर ७५, मग ७०. परत लावला, परत तेच. बेळगावच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा टूलकिटमधली अ‍ॅलन की काढून लॉकचे स्क्रू अर्धा आटा आवळले. पुढे थोडं बरं चाललं मग पुन्हा सरकायला लागला, तर धारवाडच्या आधी अजून आवळले. दुपारी हुबळी सोडल्यावर ऊन चांगलंच तापलं होतं, एका गावाच्या फाट्याला ट्रॅक्टर आडवा येताना दिसला म्हणून लॉक सोडला, मूठ सोडली, ब्रेक दाबला आणि बाइक पुढे ओढतच राहिली. सवयीने क्लच दाबला तर इंजिन एकदम किंचाळलं, कारण रेस तशीच होती आणि लोड गेला. किल स्विच दाबला म्हणून थांबलो. ट्रॅक्टरपासून भरपूर अंतर होतं, काही झालं नाही, पण रस्त्याच्या कडेला बाइक लावून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

तिथेच लॉक अख्खा काढला आणि खिशात टाकला. आणि तरीही मूठ पूर्ण परत येत नव्हती. हे बघितल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

आधी लॉक करतो काय ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनला हवा किती जाते ते ठरवणाऱ्या भागावर (कार्बोरेटर असेल तर त्याच्यावर), एक रिटर्न स्प्रिंग असते, ती केबल सतत ओढत असते, म्हणून मूठ सोडली की रेस आपोआप बंद होते. लॉक त्या स्प्रिंगच्या विरुद्ध मुद्दाम घर्षण तयार करतो, बाकी काही नाही. क्रूझ कंट्रोल स्पीड धरून ठेवतो, चढ आला की रेस वाढवतो, ब्रेक लावला की सुटतो. मेकॅनिकल लॉक फक्त मूठ जिथे आहे तिथे धरतो. चढाला स्पीड पडणार, उताराला वाढणार, ब्रेक लावा क्लच दाबा त्याला काही कळत नाही. हे लॉक वापरणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवायला पाहिजे. राइड-बाय-वायर बाइकवरही हेच, तिथे केबल नसते, मुठीत सेन्सर आणि स्प्रिंग असते, पण लॉक धरतो मुठीलाच, त्यामुळे नियम सगळे सारखे.

आता या हिशोबात गोम अशी आहे की मुठीला आधीपासून किती घर्षण आहे हे आपल्याला माहीत नसतं. कोरडी केबल, मुठीच्या आतल्या प्लास्टिकच्या ट्यूबमधे गेलेली माती, बार एंडला (हँडलच्या टोकाच्या वजनाला) घासणारं रबर, यातलं प्रत्येक थोडं थोडं घर्षण देतं. त्यात लॉकचं घर्षण मिळवलं की बेरीज कधी स्प्रिंगपेक्षा कमी भरते कधी जास्त, आणि ऊन, धूळ, खड्डे यांनी ती दिवसभर बदलत राहते. म्हणून सेटिंग सापडत नाही. लॉक नसताना मूठ झटकन बंद होत असेल तरच लॉक लावायच्या लायकीची ती मूठ आहे, नसेल तर आधी मूठ नीट करा, लॉक नंतर.

ही टेस्ट दोन मिनिटांची आहे. इंजिन बंद, लॉक काढलेला. मूठ पूर्ण उघडा आणि एकदम सोडून द्या. खटकन आवाज येऊन बंद झाली पाहिजे, सावकाश येता कामा नये, आणि शेवटच्या थोड्या अंतरात रेंगाळता पण कामा नये. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवून तेच, पूर्ण उजवीकडे वळवून तेच. मग इंजिन चालू करून आयडलिंगला ठेवा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आरपीएम जराही वाढला तर केबल कुठेतरी ओढली जातेय किंवा तिला प्ले नाहीये. मूठ फिरवायला लागल्यावर रेस लागायच्या आधी जो मोकळा भाग असतो तो म्हणजे प्ले, तो बाइकप्रमाणे काही मिलिमीटर असतो, तुमच्या मॅन्युअलमधे आकडा दिलेला असतो तो बघा आणि त्यावर ठेवा. माझ्या एका कोल्हापूरच्या मित्राने हँडलला रायझर लावून घेतले होते, हँडल वर आलं पण केबल तीच राहिली, सरळ चालवताना काही नाही आणि पार्किंगमधे हँडल वळवलं की रेस वाढायची. त्याला मी म्हणलं भावा लॉकचं नंतर बघू, आधी केबलचा मार्ग बदल नाहीतर लांब केबल टाक. रायझर लावलेल्या सगळ्यांनी हे तपासाच.

माझं कारण मात्र वेगळं होतं आणि ते शोधायला नेलपॉलिश लागली. पांढरी. बहिणीकडून आणली, पेंट मार्कर असेल तर तो पण चालतो. केबल तर स्वच्छ होती, ट्यूब स्वच्छ होती, तरी लॉक सरकतो म्हणजे नक्की काय सरकतंय? इथे एकमेकांवर बसलेले चार भाग आहेत, प्लास्टिकची थ्रॉटल ट्यूब आणि तिची आतल्या बाजूची कड, तिच्यावर चढवलेलं ग्रिपचं रबर, त्यावर आवळलेलं लॉकचं कडं, आणि जिथे लॉकचं पॅड टेकतं ती स्विचची डबी. मूठ बंद असताना या चारही भागांवरून आडवी एक सरळ रेघ मारायची. सुकू द्यायची. मग पन्नासेक किलोमीटर चालवून या, लॉक नेहमीसारखा वापरा, आणि येऊन मूठ बंद करून बघा की रेघ कुठे तुटली.

माझी रेघ रबर आणि ट्यूबच्या मधे तुटली होती. चांगली चार-पाच मिलिमीटर. म्हणजे लॉकचं पॅड धरून होतं, कडं रबराला धरून होतं, आणि आतली ट्यूब रबराच्या आतल्या आत गोल फिरत मागे येत होती. ग्रिपचा गम सुटलेला. आधी एकदा ग्रिप बदलली होती तेव्हा दुकानात साबणाचं पाणी लावून चढवून दिली होती आणि गम लावलाच नव्हता, हँडलच्या डाव्या बाजूला ते खपून जातं पण रेसच्या बाजूला नाही. मी दर वेळी लॉक आवळत होतो तेव्हा प्रत्यक्षात रबर दाबत होतो, आणि दाबलं गेलेलं मऊ रबर जाणार कुठे, बाहेरच्या बाजूला, बार एंडच्या वजनाकडे. तिथे कंपनीची फटच मुळात मिलिमीटर-दीड मिलिमीटरची असते. दुपारच्या उन्हात रबर अजून मऊ झालं, बार एंडला चिकटलं, आणि लॉक काढल्यावर पण मूठ अडकलेलीच राहिली. सकाळचं सरकणं आणि दुपारचं अडकणं दोन्ही त्या न लावलेल्या गममुळे.

तुमची रेघ रबर-ट्यूबमधे तुटली तर उपाय असा. बार एंड काढा, ग्रिपच्या कडेखाली पातळ काडी घालून थोडं पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, पिळत पिळत ग्रिप बाहेर काढा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, ट्यूबला चरा पडतो. ट्यूबवरचा जुना गम सगळा खरवडून पुसून काढा, ग्रिपच्या आतून पण. मग ग्रिपसाठीचाच गम मिळतो तो पातळ लावा, आणि ग्रिप चढवताना आतल्या कडेपर्यंत पूर्ण बसवा. बाहेर आलेला गम लगेच पुसा, विशेषतः ट्यूबच्या बाहेरच्या तोंडाशी, कारण तो थेंब आत ओघळून ट्यूब आणि हँडलच्या पाइपमधे गेला तर मूठच हँडलला चिकटते. म्हणून मी तर ट्यूब पूर्ण काढून टेबलावर ग्रिप चढवली, जरा जास्त काम आहे पण भीती नाही. चोवीस तास हात लावायचा नाही. ज्यांच्या ग्रिपवर तारेसाठी खाचा असतात त्यांनी बारीक स्टीलची तार पिळून बांधली तर अजून चांगलं, पिळलेलं टोक तळहाताला लागणार नाही अशा बाजूला आणि रबरात दाबून टाकायचं. सगळं झाल्यावर बार एंड परत लावताना फट बघा, दीड-दोन मिमी हवा दिसली पाहिजे, आणि नाहीच मिळाली तर ग्रिपचं बाहेरचं टोक धारदार ब्लेडने थोडं कापा. ते बंद टोकाचं असेल तर हे आधीच करायला लागतं.

रेघ लॉकचं कडं आणि ग्रिप यांच्यात तुटली तर कडं धरत नाहीये. बहुतेक वेळा माप चुकीचं. इथे एक गोंधळ लोकांचा होतो, हँडलचा पाइप २२ मिमी आहे म्हणून २२ चं काहीतरी मागवतात, पण लॉक पाइपवर बसत नाही, तो ग्रिपवर किंवा ट्यूबच्या कडेवर बसतो आणि तिथला व्यास ग्रिपप्रमाणे बदलतो. व्हर्नियर कॅलिपरने मोजा, नसेल तर कागदाची पट्टी गुंडाळून परीघ घ्या आणि ३.१४ ने भागा. कड्याला दोन स्क्रू असतील तर एकच पूर्ण आवळून मग दुसरा असं नको, आळीपाळीने पाव-पाव आटा, दोन्ही बाजूची फट सारखी राहिली पाहिजे. फट पूर्ण मिटली आणि तरी ढिलं आहे म्हणजे कडं मोठं आहे, तिथे टायरच्या जुन्या ट्यूबच्या रबराची पातळ पट्टी आतून घातली तर चालतं. अ‍ॅल्युमिनियममधे आटे पटकन जातात त्यामुळे जोर लावू नका, छोट्या अ‍ॅलन कीचा लांब भाग बोटात धरून जेवढं आवळेल तेवढंच.

तिसरी शक्यता, चार भागांपैकी रबर, ट्यूब, कडं हे तीन एकत्र सरळ आहेत आणि लॉक लावलेला असताना सगळं मिळून स्विचच्या डबीवरून सरकतंय. मूठ बंद केल्यावर रेघ परत जुळते त्यामुळे ही रेघेत दिसत नाही, ती चालवतानाच कळते, किंवा डबीवर पॅड घासल्याची चकाकी दिसते. इथे नव्वद टक्के वेळा मी आधी विचारतो की बाइक धुतल्यावर काय फवारलं होतं? सिलिकॉनचं पॉलिश, डब्ल्यूडी-४०, चेन ल्युबचा उडालेला थर, यातलं काहीही डबीवर बसलं की पॅडला पकड राहत नाही. अल्कोहोलने डबी आणि पॅड दोन्ही पुसा. तरी सरकत असेल तर पॅड पूर्ण टेकतंय का बघा, डब्या गोलसर असतात, काही ठिकाणी जोड असतो, पॅडची एक कडाच टेकत असेल तर ती झिजणार आणि सरकणार. डबीवरची जागा बदला म्हणजे लॉक थोडा फिरवून बसवा. पॅड गुळगुळीत झालं असेल तर नवीन घाला, सँडपेपर मारून महिना-पंधरा दिवस निघतात त्याहून जास्त नाही.

आता निवडीबद्दल, कारण चुकीचा प्रकार घेतला तर वरचं सगळं करूनही समाधान मिळत नाही.

सगळ्यात साधं म्हणजे ओ-रिंग. ग्रिप आणि बार एंडच्या फटीत जाडसर रबरी रिंग बसवायची, पाहिजे तेव्हा अंगठा-बोटाने फटीत सरकवायची, नको तेव्हा बाहेर. मी पण यानेच सुरुवात केली होती. हार्डवेअरच्या किंवा हायड्रॉलिकच्या दुकानात किरकोळ पैशात मिळते. पण तुम्ही वर वाचलंत की फटीत अडकलेल्या रबराने माझ्या बाइकचं काय केलं, ओ-रिंग म्हणजे तेच मुद्दाम करणं आहे, आणि ती घाईत बाहेर काढता येत नाही. उन्हाने मऊ होते. मी आता कोणाला सुचवत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे तळहात टेकवायची प्लास्टिकची पट्टी, क्रॅम्पबस्टर नावाने प्रसिद्ध झाली ती. हा लॉक नाहीच, मुठीवर चढवलेली एक जीभ आहे, बोटांनी न आवळता तळहाताच्या वजनाने रेस धरता येते आणि हात उचलला की रेस बंद. ज्यांचा त्रास फक्त मनगटाचा आहे त्यांना मी आधी हेच घ्या म्हणतो. एकच धोका, ती चुकीच्या कोनात बसवली तर यू-टर्नला ब्रेक दाबताना तळहात तिच्यावर पडतो आणि रेस मिळते. गर्दीत ती फिरवून पुढे करून ठेवायची.

तिसरा, ब्रेक लिव्हरला टेकणारा प्लास्टिकचा चिमटा. ऑनलाइन सगळ्यात जास्त हाच दिसतो कारण स्वस्त आहे आणि पाना लागत नाही. मला तो बिलकुल आवडत नाही. लिव्हरवर सतत दाब राहिला तर मागचा ब्रेक लाइट लागून राहू शकतो, मग मागच्या ट्रकवाल्याला तुमचा खरा ब्रेक कळणार कसा. आणि ब्रेक दाबताना बोटं आणि लिव्हर यांच्या मधे काहीही असू नये असं माझं ठाम मत आहे.

चौथा, बार एंडच्या जागी बसणारा, दक्षिण आफ्रिकेच्या काओकोने रूढ केलेला. बार एंडचं वजन काढून हा बसवायचा, त्याची रिंग फिरवली की ती ग्रिपच्या टोकाला दाबून घर्षण देते. बांधणी भक्कम असते, वजन पण राहतं त्यामुळे व्हायब्रेशन वाढत नाही, आणि किती घर्षण पाहिजे ते बारीक ठरवता येतं. पण हँडगार्ड बार एंडलाच बोल्टने बसत असतील तर हँडगार्डसाठीचं वेगळं मॉडेलच घ्यावं लागतं. शिवाय सोडायला रिंग उलटी फिरवायची असते, एका दाबात सुटत नाही, हाताने मूठ जबरदस्तीने बंद करायची सवय पाहिजे.

पाचवा माझ्याकडे आहे तो, ग्रिपच्या आतल्या कडेला आवळायचा, दोन बटणांचा. अमेरिकेचा अ‍ॅटलास हा यातला सगळ्यात माहितीतला. एक बटण दाबलं की पॅड डबीवर टेकतं, दुसरं दाबलं की सुटतं, अंगठ्यानेच दोन्ही, मूठ सोडायची गरज नाही. याला ग्रिपची कड आणि डबी यांच्यामधे फट लागते, काही बाइकला ती मुळातच नसते तिथे रबराची कड तासावी लागते. अ‍ॅटलासमधे दोन किट आहेत, वरून टेकणारं आणि खालून टेकणारं, तुमच्या डबीच्या आकारावर अवलंबून. घ्यायच्या आधी आपल्या मॉडेलला कोणतं बसतं ते विचारा. अशाच दिसणाऱ्या स्वस्त नकलाही मिळतात, त्यात बटण सोडायच्या बाजूने नीट काम करतं का ते दुकानातच वीस-पंचवीस वेळा दाबून बघा, सोडणारं बटण एकदा जरी अडकलं तर परत ठेवा.

पण थांबा, हात का दुखतो ते पण बघा. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगट वाकून मधली नस दाबली जातेय, करंगळी-अनामिका होत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार पडतोय. लिव्हर फार वर बसवलेली असेल तर ती थोडी खाली फिरवून बोटं, मनगट आणि हाताचा कोपरापर्यंतचा भाग एका रेषेत आणा, पाच मिनिटांचं काम आहे. ग्रिप आवळून धरायची सवय असेल तर ती सोडा, गुडघ्यांनी टाकी धरा. माझा निम्मा त्रास लिव्हर फिरवल्यावरच गेला होता. आणि गाडीवरून उतरल्यावर पण बधिरपणा राहत असेल तर लॉकने काही होणार नाही, डॉक्टरकडे जा.

बसवताना एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, लॉकचा कोणताही भाग मुठीला बंद होण्यापासून अडवता कामा नये. लोक मूठ बंद असताना लॉक बसवतात, छान दिसतो, आणि मग ८० च्या स्पीडला बटण अंगठ्यापासून लांब गेलेलं असतं. उलटं करा. ८०-९० ला मूठ साधारण किती उघडी असते ते चालवताना बघून ठेवा, बऱ्याच बाइकवर ती पूर्ण फिरण्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा पण कमी असते. तेवढी उघडून लॉक अंगठ्याच्या जागी बसवा, हलकेच आवळा, आणि मग मूठ पूर्ण बंद करा, पूर्ण उघडा, ब्रेक लिव्हर पूर्ण दाबा, ब्रेक ऑइलच्या डबीला, स्टार्टर बटणाला, किल स्विचला कुठेही लागत नाही ना बघा. हँडल दोन्हीकडे वळवून परत. पावसाळी किंवा जाड ग्लोव्ह्ज घालून परत. हे सगळं झाल्यावर शेवटचं आवळायचं.

घर्षण किती ठेवायचं? एवढंच की लॉक लावलेला असताना दोन बोटांनी मूठ बंद करता आली पाहिजे. दोन बोटं, अख्खा हात नाही. बंद न होणारा लॉक कितीही छान धरत असला तरी तो बाइकवर नको. आधी सेंटर स्टँडवर, न्यूट्रलला ३००० आरपीएमला लावून हाताने बंद करून बघा, मग बटणाने सोडून बघा, मग लावलेला असताना किल स्विच दाबून बघा, हाताला तिन्ही रस्ते माहीत झाले पाहिजेत. मग मोकळ्या रस्त्यावर ४०-५० ला. माझ्या हातून हुबळीपुढे सवयीने क्लच दाबला गेला, तेव्हापासून मी दर ट्रिपच्या आधी घराखाली किल स्विचची सवय करतो, डोळे न फिरवता अंगठा तिथे गेला पाहिजे.

आणि कुठे वापरायचा हे पण सांगतो कारण यावरूनच पुष्कळ जण चुकतात. सगळ्यात चांगले रस्ते आपल्याला बंदच आहेत, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, बेंगळुरू-मैसूरचा मुख्य रस्ता, कुठेच दुचाकीला परवानगी नाही. उरतात ते महामार्ग जिथे गावाचे फाटे, गुरं, उलटे येणारे ट्रॅक्टर, दुभाजकातून घुसणारे लोक सगळं आहे. म्हणून मी लॉक लावून हात सोडत नाही, हात मुठीवरच असतो, फक्त सैल. पंधरा-वीस सेकंद बोटं उघडमीट करायची, मनगट फिरवायचं आणि परत धरायचं. खंबाटकीसारख्या घाटात, पावसात, खडीवर, कोणाच्या मागे चालताना, अंधारात अजिबात नाही. मागे कोणी बसलं असेल तरी मी टाळतो कारण मागच्याच्या हालचालीने हँडलवरचा माझा हात हलतो.

गम लावून आणल्यापासून मी नेलपॉलिशची रेघ पुसलेली नाही. पेट्रोल भरताना नजर तिकडेच जाते. गोव्याहून येताना एकदा केसभर हलल्यासारखी वाटली म्हणून घरी येऊन बार एंड काढून बघितलं, रबर जागेवर होतं, बार एंडचा बोल्टच थोडा ढिला होता, फट वाढली होती. बोल्टला निळा थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गम) लावून परत बसवला, आणि दीड मिमी जाडी होईल एवढी पोस्टकार्डं एकावर एक फटीत घालून माप घेतलं, सहज आत-बाहेर होतात. ती कार्डं आता टूलकिटमधेच ठेवली आहेत.